बेर्ग्युनच्या फलाटावरचा एक तास

स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडील ग्राउब्युंडेन प्रांतात, आल्बुला नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून १,३७३ मीटर उंचीवर बेर्ग्युन नावाचे गाव आहे. मोजक्या वस्तीच्या या गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक आहे आणि तेथून दिवसभर, साधारण दर तासाला, दोन्ही दिशांना गाडी मिळते. गेल्या सप्टेंबरमध्ये आईला घेऊन तेथे जायचे ठरवले तेव्हा ही माहिती मला होती. मात्र तिचा खरा अर्थ कळायला एक गाडी चुकावी लागली.

आईचे वय चौऱ्याहत्तर. दोन्ही गुडघे दुखरे, त्यामुळे हातात काठी असते, आणि जिना दिसला की ती आधी माझ्याकडे बघते. तिला डोंगरातली आगगाडी पाहायची होती. नियोजनाला बसल्यावर मी साहजिकच प्रसिद्ध पर्यटक गाड्यांपासून सुरुवात केली. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ अशी सुमारे आठ तास चालणारी ग्लेशियर एक्स्प्रेस याच मार्गाने जाते. तिच्यासाठी आसन आधी राखून ठेवावे लागते. दोन संध्याकाळी मी तिच्या तारखा आणि उरलेल्या जागा पाहण्यात घालवल्या. मग लक्षात आले की त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून आणि त्याच बोगद्यांतून रेटिश रेल्वेची साधी गाडी दर तासाला धावते, तिला आरक्षण लागत नाही आणि ती बेर्ग्युनला थांबते. आम्ही घेतलेला स्विस ट्रॅव्हल पास तिलाही चालत होता. आम्हाला एका गावी उतरून राहायचे होते, आणि अशा प्रवासाला ही रोजची गाडीच योग्य होती. तेथील लोक शाळेला, कामाला आणि बाजाराला याच गाडीने जातात.

त्यानंतर मी एका कागदावर दोन दिवसांचा संपूर्ण प्रवास लिहून काढला. झुरिकहून कूर, कूरला गाडी बदलून बेर्ग्युन. दुसऱ्या दिवशी वर प्रेडापर्यंत जाऊन परत. आणि परतीचा प्रवास त्याच वाटेने न करता फिलिझूर, दावोस, लांडक्वार्ट असा वळसा घेऊन पुन्हा झुरिक. प्रत्येक ठिकाणी पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ लिहिली. त्या कागदावरच्या एका जागेने माझी झोप उडवली. झुरिकहून ३८व्या मिनिटाला निघणारी गाडी कूरला ५२व्या मिनिटाला पोहोचत होती आणि कूरहून डोंगरात जाणारी गाडी ५८व्या मिनिटाला सुटत होती. मध्ये फक्त सहा मिनिटे. मला एकटीला ती पुरली असती, पण काठी टेकत चालणाऱ्या आईला फलाट बदलून दुसऱ्या गाडीत बसवायला सहा मिनिटे कशी पुरणार, हे मला कळेना. कूरला तासभर थांबून पुढची गाडी धरावी, असाही विचार करून ठेवला.

प्रत्यक्षात काय झाले ते सांगते. झुरिकच्या मुख्य स्थानकावर आई बराच वेळ घड्याळाकडे पाहत उभी होती. हान्स हिल्फिकर या अभियंत्याने १९४४ मध्ये आखलेले ते घड्याळ. त्याचा लाल सेकंदकाटा एक फेरी साठ सेकंदांहून थोड्या कमी वेळात पुरी करतो, वर बाराच्या खुणेवर क्षणभर थांबतो आणि मिनिटकाटा पुढे सरकला की पुन्हा चालू लागतो. आईला ते थांबणे फार आवडले. गाडी सुटली, झुरिकचे सरोवर आणि पुढे वालेन सरोवर मागे पडले, आणि कूर जवळ आल्यावर डब्यात घोषणा झाली: पुढे कुठे जाणारी गाडी कोणत्या फलाटावरून मिळेल, याची. उतरल्यावर पाहिले तर मोठ्या रुळांची गाडी आणि डोंगरातली मीटर गेजची गाडी एकाच स्थानकात होत्या. उतरंडीच्या वाटेने खाली जाऊन पलीकडे चढलो, तर लाल गाडी दार उघडे ठेवून उभी. तिचा डबा फलाटाच्या जवळजवळ पातळीत होता, त्यामुळे आईने एकही पायरी न चढता आत पाऊल टाकले. मी घड्याळ पाहिले. अजून एक मिनिट बाकी होते.

कूर समुद्रसपाटीपासून ५८५ मीटरवर आहे. तेथून तूझिसपर्यंतचा मार्ग १८९६ मध्ये सुरू झाला. तूझिसनंतर खरा डोंगर लागतो आणि आल्बुला मार्गही तेथूनच सुरू होतो. या मार्गाची आखणी आणि उभारणी फ्रीडरिख हेनिंग्ज या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली झाली आणि १९०३ मध्ये त्याच्यावरून गाड्या धावू लागल्या. सुमारे ६२ किलोमीटरच्या मार्गात ४२ बोगदे आणि १४४ पूल आहेत. एवढे असूनही रुळांमध्ये कोठेही दात्यांची पट्टी नाही. चाके साध्या रुळांच्या पकडीवरच चढतात, आणि त्यासाठी चढ हजार मीटरला ३५ मीटरच्या वर जाऊ दिलेला नाही. या एका आकड्याभोवती सगळा मार्ग गुंफलेला आहे, हे मला दुसऱ्या दिवशी प्रेडाच्या वाटेवर उमगले.

सोलिसचा पूल ८९ मीटर उंच आहे. गाडीतून खाली पाहिले तर दरीचा तळ नीट दिसत नाही. लांडवासर पुलाची उंची त्याहून कमी, ६५ मीटर, तरी मनात घर करून राहतो तोच. सहा कमानींचा दगडी पूल १०० मीटर त्रिज्येच्या वळणात उभा आहे, आणि त्याच्या टोकाला सरळ उभ्या कड्यात बोगद्याचे तोंड आहे. पूल संपला की गाडी थेट डोंगरात शिरते. वळणामुळे आपल्याच गाडीचे पुढचे डबे खिडकीतून दिसतात. आमच्या गाडीच्या एका भागात खिडक्या खाली सरकवता येत होत्या. आईला तेथे नेऊन उभे केले आणि तिने काठी माझ्या हातात देऊन दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली.

बोगद्यातून बाहेर पडताच फिलिझूर आले. तेथे जे पाहिले, त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. आमची गाडी थांबली तेव्हा समोरून सेंट मॉरिट्झकडची गाडी आलेली होती आणि तिसऱ्या बाजूला दावोसला जाणारी छोटी गाडी उभी होती. दोन-तीन मिनिटे फलाटावर माणसांची लगबग चालली. कोणी या गाडीतून त्या गाडीत गेले, कोणी सायकल घेऊन चढले. मग एकेक करून तिन्ही गाड्या आपापल्या दिशेने निघाल्या. स्थानकावरच्या घड्याळात नुकताच तास पुरा होऊन गेला होता. मी ते पाहिले, आणि योगायोग समजून सोडून दिले.

फिलिझूरच्या पुढे गाडी डोंगराच्या पोटात गोल फिरून वर निघते. थोड्या वेळापूर्वी ज्या गावाच्या पातळीवर होतो, ते गाव खाली दिसू लागते. वीसएक मिनिटांत बेर्ग्युन आले.

स्थानकाच्या पाटीवर दोन नावे आहेत: जर्मनमधले बेर्ग्युन आणि रोमान्श भाषेतले ब्रावुओन्य. जर्मन, रोमान्श आणि इटालियन या तीन अधिकृत भाषांचा हा प्रांत आहे, आणि लहानशा स्थानकाच्या पाटीवरही जुन्या भाषेचे नाव जपले आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटले. स्थानकाशेजारी ‘मगर’ या टोपणनावाने ओळखले जाणारे जुने विद्युत इंजिन ठेवले आहे. मधोमध उंच खोली आणि दोन्ही टोकांना लांब नाके, असा त्याचा आकार आहे. हा मार्ग सुरुवातीला वाफेच्या इंजिनांवर चालत असे. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाल्यावर विजेकडे वळणे भाग पडले आणि १९१९ मध्ये येथे विजेची गाडी आली. मगर इंजिने त्यानंतरच्या दशकातली आहेत.

त्या रात्री आम्ही गावातच राहिलो. सकाळी सामान घेऊनच स्थानकावर आलो आणि वरच्या दिशेने प्रेडाला निघालो. या टप्प्यासाठीच लोक दुरून येतात. बेर्ग्युन ते प्रेडा हे सरळ रेषेतले अंतर पाच किलोमीटरच्या आसपास आहे आणि उंचीतला फरक आहे ४१६ मीटर. सरळ मार्ग टाकला असता तर चढ ठरवलेल्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त झाला असता. चढ कमी करायचा तर वाट लांबवावी लागते, आणि अरुंद खोऱ्यात वाट लांबवायला जागा नाही. म्हणून अभियंत्यांनी ती गुंडाळली. रूळ आधी उतारावर मागे-पुढे वळणे घेतात, मग डोंगरात शिरून गोल फिरतात, पुलावरून दरीच्या पलीकडे जातात, पुन्हा डोंगरात शिरतात. अशा रीतीने पाच किलोमीटरचे बारा किलोमीटरहून अधिक झाले. बेर्ग्युनच्या चर्चचा मनोरा आधी एका खिडकीतून दिसला, नंतर दुसऱ्या खिडकीतून, आणि प्रत्येक वेळी तो अधिक खाली गेलेला होता. आईने दोन वेळा विचारले, “अगं, आपण नक्की पुढे चाललोय ना?” मी तिला मागच्या बाजूचा पूल दाखवला. त्या पुलावरून आपण आत्ताच आलो आणि आता त्याच्या वरून चाललो आहोत, हे तिला पटायला थोडा वेळ लागला. पटल्यावर ती उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.

प्रेडा म्हणजे १,७८९ मीटरवरची मोजकी घरे आणि आल्बुला बोगद्याचे तोंड. जुना बोगदा ५,८६५ मीटर लांबीचा. त्याच्या खोदकामात भुसभुशीत, पाण्याने भरलेला खडक लागला आणि थंडगार पाण्याच्या लोंढ्यांनी काम इतके रखडले की शेवटी रेल्वेने ते ठेकेदाराकडून आपल्या हाती घेतले. शतकाहून अधिक काळ वापरल्यानंतर त्याच्या शेजारी नवा बोगदा खोदण्यात आला आणि जून २०२४ पासून गाड्या नव्या बोगद्यातून जातात. जुना आता संकटसमयी बाहेर पडण्याच्या वाटेसाठी राखला आहे. खाली बेर्ग्युनपर्यंत रुळांच्या कडेने पायवाट जाते. माझे पाय तिकडे ओढत होते, परंतु आईला एकटीला गाडीत बसवून चालत येणे मनाला पटेना. आम्ही उन्हात बसलो, पुढची खाली जाणारी गाडी घेतली आणि तोच गोफ उलटा उलगडताना पाहिला.

बेर्ग्युनला परतल्यावर परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून स्थानकाशेजारचे आल्बुला रेल्वे संग्रहालय पाहायला गेलो. जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत २०१२ मध्ये ते सुरू झाले. तेथे या मार्गाची मोठी प्रतिकृती आहे. तासाभरापूर्वी ज्या वळणांतून गेलो होतो ती सगळी एका नजरेत समोर होती, आणि छोटी गाडी कोणत्या बोगद्यातून शिरते व कुठून बाहेर येते हे बोटाने दाखवता येत होते. आईला मी ते समजावत बसले आणि वेळेचे भान राहिले नाही. बाहेर आलो तेव्हा फिलिझूरकडे जाणारी गाडी फलाटावर उभी होती. मी सामान घेऊन धावू शकले असते. आई धावू शकत नव्हती. आम्ही फलाटाच्या टोकाशी पोहोचलो आणि दारे मिटून गाडी निघून गेली.

चूक पूर्णपणे माझी होती, आणि त्या क्षणी मला फार वाईट वाटले. कागदावर त्या गाडीच्या पुढे चार वेळा लिहिलेल्या होत्या: फिलिझूरला बदल, दावोसला बदल, लांडक्वार्टला बदल आणि शेवटी झुरिक. पहिली कडी तुटल्यावर पुढची साखळी संपली असे मी धरून चालले. आईला बाकावर बसवले आणि फोनवर नव्या वेळा शोधू लागले. घाईत चुकीची तारीख टाकली, पुन्हा शोधले, आणि दरम्यान आई उठून भिंतीवरच्या पिवळ्या तक्त्याजवळ गेली. तेथील स्थानकांवर सुटणाऱ्या गाड्यांचा तक्ता पिवळ्या कागदावर असतो आणि येणाऱ्या गाड्यांचा पांढऱ्या. तिने माझा कागद मागून घेतला, बोट तक्त्यावर ठेवून खाली नेले, पुन्हा वर आणले आणि म्हणाली, “मिनिटं बघ सगळीकडे तीच आहेत. तू नुसता तास बदल.”

तक्त्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत जवळजवळ प्रत्येक तासापुढे आमच्या दिशेच्या गाडीचे मिनिट एकच होते. मी फोनवर फिलिझूरहून दावोसची गाडी पाहिली: तेच मिनिट, तास पुढचा. लांडक्वार्ट: तेच. झुरिक: तेच. मग पेन काढले आणि कागदावरचे चार आकडे खोडून प्रत्येकाच्या जागी एकाने वाढवलेला आकडा लिहिला. मिनिटांना हात लावावा लागला नाही.

आमच्याजवळ एक तास होता आणि आदल्या दिवशीचे फिलिझूर मला आठवले. हा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडायचे तर ते ठरावीक स्थानकांतच शक्य होते. दोन्ही दिशांना तासाला एक गाडी सोडली की समोरची गाडी दर अर्ध्या तासाने भेटते. आता या भेटींपैकी एक भेट जर तास पुरा होण्याच्या सुमारास फिलिझूरला घडवून आणली आणि दावोसची गाडीही त्याच वेळी तेथे उभी ठेवली, तर तिन्ही बाजूंच्या प्रवाशांना काही मिनिटांत हव्या त्या दिशेची गाडी मिळते. तसेच कूरला: झुरिकची गाडी थोडी आधी येते, डोंगरातली थोडी नंतर सुटते. माझी झोप उडवणारी ती सहा मिनिटे कोणीतरी मोजून ठेवलेली होती. म्हणजे बेर्ग्युनहून गाडी किती वाजता सुटायची, हे बेर्ग्युनमध्ये ठरतच नाही. ते फिलिझूर आणि कूर येथे ठरते आणि तेथून मागे-पुढे मोजत गावापर्यंत येते.

ही पद्धत संपूर्ण देशाला लागू आहे. २३ मे १९८२ पासून स्वित्झर्लंडमध्ये ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक देशभर सुरू झाले. पुढे १९८७ मध्ये ‘रेल्वे २०००’ या योजनेला जनतेने मतदानाने मान्यता दिली. मोठ्या स्थानकांमधला प्रवास तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या आत बसवायचा, म्हणजे सगळ्या दिशांच्या गाड्या तेथे एकाच सुमारास येतील आणि एकाच सुमारास निघतील, हा तिचा गाभा होता. कोणती गाडी किती वेगाने धावावी, हे त्यावरून ठरले. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी की हे गणित मोठ्या शहरांपाशी थांबवलेले नाही. एका डोंगरी गावातल्या बाईने संध्याकाळी कूरला दवाखान्यात जायचे म्हटले तरी तिला वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. एक मिनिट लक्षात ठेवले की पुरते, आणि एखादी गाडी चुकली तर दिवस वाया जात नाही.

तो तास आम्ही फलाटावरच काढला. शाळेतली चार मुले आली आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलेही नाही. बाकावर दप्तरे टाकून खेळू लागली. गाडी येण्याच्या दोन मिनिटे आधी त्यांनी आपणहून दप्तरे उचलली. आई त्यांच्याकडे पाहत होती. तिने काठी उचलली तेव्हा गाडी वळणावर दिसली.

फिलिझूरला आदल्या दिवशीचेच दृश्य पुन्हा घडले. या वेळी फलाटावरच्या लगबगीत आम्हीही होतो. आईने घाई केली नाही, कारण किती मिनिटे आहेत हे तिला माहीत होते. दावोसचा हा फाटा १९०९ मध्ये सुरू झाला. त्याच्यावर वीझेनचा पूल लागतो. तो ८८ मीटर उंच आहे आणि त्याची मधली कमान ५५ मीटर रुंद आहे. लांडवासरच्या पुलाइतका तो प्रसिद्ध नाही, पण मला तो अधिक देखणा वाटला. दावोसला गाडी बदलली आणि क्लोस्टर्सकडे उतरणाऱ्या मार्गाला लागलो. हा या रेल्वेचा सर्वांत जुना मार्ग आहे. लांडक्वार्टहून निघालेली पहिली गाडी १८९० मध्ये दावोसला पोहोचली.

लांडक्वार्टला अंधार पडू लागला होता. आईने कागद मागितला, खोडलेल्या आकड्यापुढचे मिनिट वाचले आणि वर घड्याळाकडे पाहिले. झुरिकच्या गाडीला सात मिनिटे होती. “जिना आहे का?” तिने विचारले. मी उतरंड दाखवली आणि आम्ही सावकाश पलीकडे निघालो.